कोकणचे गॅझेटियर: कोणता खंड घ्यावा, कुठून वाचावा

कोकणचा इतिहास, तिथली शेती, झाडे, मासे आणि माणसे यांविषयी एकच पुस्तक घरात ठेवायचे असेल, तर ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, दहावा खंड असावे: 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', १८८०. जोडीला अकरावा खंड, 'कुलाबा आणि जंजिरा', १८८३. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या मालिकेला काही जण ब्रह्मवाक्य मानतात, तर काही जण साहेबाने लिहिले म्हणून हातही लावत नाहीत. पण दोन्ही बाजूंच्या वाचकांनी हे खंड बहुतेक वेळा शेवटच्या 'स्थळे' या प्रकरणापुरतेच उघडलेले असतात. किल्ल्याची उंची, देवळाचा शिलालेख, बंदराची खोली एवढे टिपून घेतले की पुस्तक बंद. खरा ऐवज त्याच्या आधीच्या पानांत आहे, आणि तो चुकीच्या क्रमाने वाचला तर हाती काही लागत नाही.

रचना ठरलेली आहे: वर्णन, उत्पन्ने (झाडे, प्राणी, मासे वगैरे), लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन महसुलाची पद्धत, न्याय, महसूल, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि स्थळे. दहाव्या खंडात रत्नागिरीचा हा क्रम संपला की सावंतवाडी संस्थानाचा त्याच धर्तीचा पण आटोपशीर भाग येतो. अकराव्यात तसाच जंजिऱ्याचा. पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतले तर तिसऱ्या प्रकरणाच्या जातवार वर्णनात दम संपतो. त्यापेक्षा व्यापारापासून सुरुवात करावी, मग शेती, मग उत्पन्ने, मग जमीन महसूल. 'लोक' हे प्रकरण त्यानंतर घ्यावे. घाटवाटा, बंदरे, पीक आणि सारा यांची ओळख झालेली असली, की कोण काय खात होते आणि कुठे राहत होते यामागची कारणे आपोआप दिसू लागतात.

खंड निवडण्याआधी जिल्ह्यांच्या जुन्या हद्दी पाहून घ्या. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. माथेरान, कर्जत, पनवेल आणि घारापुरी आज रायगड जिल्ह्यात आहेत, म्हणून लोक त्यांना कुलाबा खंडात शोधतात. तिथे ती नाहीत. ती ठाण्याच्या खंडांत आहेत. ठाण्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे आणि स्थळांसाठी चौदावा खंड स्वतंत्र काढलेला आहे, तिन्ही १८८२ चे. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड हवे असेल तर अकराव्या खंडात कुलाब्याच्या भागात न शोधता मागे जंजिरा संस्थानाच्या भागात शोधा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, तेव्हा मालवण, देवगड आणि वेंगुर्ले रत्नागिरीच्या भागात येतात, तर कुडाळ, बांदा आणि खुद्द सावंतवाडी संस्थानाच्या भागात. कारवार कानडा जिल्ह्याच्या पंधराव्या खंडात आहे. गोवा पोर्तुगिजांकडे असल्याने या मालिकेत अजिबात नाही; त्याचे गॅझेटियर पुढे १९७९ साली निघाले.

आता खाण्याचे. ज्यांना पाककृती हव्यात त्यांनी हे खंड घेऊ नयेत. त्यांत एकही नाही. पण कोकणच्या ताटात अमुक पदार्थ का आला याचे उत्तर हवे असेल तर याच्याइतके भक्कम साधन दुसरे नाही. माहिती एका जागी मिळत नाही, ती चार प्रकरणांतून गोळा करावी लागते. 'लोक'मध्ये रोजचे आणि सणाचे जेवण. 'शेती'मध्ये भात, नाचणी, वरी आणि हरीक कुठल्या जमिनीत, किती वर्षांच्या फेऱ्याने. 'उत्पन्ने'मध्ये झाडे आणि मासे. आणि 'व्यापार'मध्ये बाहेरून काय येत होते. हे शेवटचे सर्वांत मोलाचे. चिपळूण आणि राजापूर या खाडीच्या आतल्या बंदरांत घाटावरून बैलांवर माल उतरायचा आणि इकडून मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढायचे. किनाऱ्यावर पुरेसे न पिकणारे धान्य, गूळ आणि मिरची कोकणच्या स्वयंपाकात कुठल्या वाटेने पोचली हे या प्रकरणातून उलगडते. कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांचे रस्ते गाडीला कधी खुले झाले हे वर्णनाच्या प्रकरणात आणि व्यापारात मिळून वाचले, तर त्या वाटांच्या पायथ्याचे बाजार का वाढले आणि बाजूचे का ओस पडले तेही कळते.

एक सूचना महत्त्वाची: आजचे कोकण मनात ठेवून पाने उलटू नका. हापूसच्या बागांवर उभे असलेले अर्थकारण या खंडात नाही. भात, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरची धान्ये, ताग, नारळ-सुपारी आणि मुंबईला जाणारी माणसे, हे १८८० चे कोकण आहे. रत्नागिरीतून गिरण्यांत, पोलिसांत आणि पलटणींत जाणाऱ्या माणसांविषयीचा मजकूर थोडक्यात आटोपलेला असला तरी तो दोनदा वाचावा असा आहे. चाकरमानी हा शब्द तिथे शोधू नका, पण माणूस मात्र तोच आहे.

शेतीच्या प्रकरणात भातलागवडीचे वर्णन इतके बारकाईने आहे की त्यावरून आजही काम करता येईल. राब भाजण्याची पद्धत उत्तर कोकणच्या खंडांत पाहावी: रोपासाठी ठेवलेल्या तुकड्यावर शेण, त्यावर झाडाचे टहाळ, मग गवत-पातेरा, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट अंगाने लावायची, म्हणजे ती धावत न सुटता रेंगाळत जळते आणि खालची माती नीट भाजते. जंगलखात्याचा आणि शेतकऱ्यांचा या टहाळावरून वाद चालू होता, हे लक्षात ठेवून ही पाने वाचली तर लेखणी कुठे कोणाकडे झुकते तेही दिसते.

निसर्गाच्या भागात दहावा खंड अकराव्यापेक्षा सरस आहे, आणि त्याचे श्रेय जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याला जाते. दक्षिण कोकणचे पक्षी, मासे आणि साप यांचा त्यांचा अभ्यास स्वतःच्या डोळ्यांनी केलेला होता. माशांच्या यादीत शास्त्रीय नावाला स्थानिक नाव जोडलेले आहे, जाळ्यांचे प्रकार आहेत, होड्यांचे प्रकार आहेत. फुरशाविषयीचा मजकूर तर कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा: हा लहानसा साप जांभ्या दगडाच्या कातळावर किती होता आणि त्याचे किती भय होते, याची कल्पना येते.

मात्र शास्त्रीय नावे जशीच्या तशी उचलू नका. दीडशे वर्षांत ती बदलली आहेत. कोकमाचे नाव तेव्हा गार्सिनिया पर्पुरिया, आता गार्सिनिया इंडिका. ऐनाचे टर्मिनालिया टोमेंटोसा, आता टर्मिनालिया इलिप्टिका. जांभ्याचे झाड तेव्हाच्या ग्रंथांत इंगा झायलोकार्पा, आता झायलिया झायलोकार्पा. उंडीचे कॅलोफिलम इनोफिलम हे नाव मात्र टिकले आहे. स्थानिक नावावरून झाड ओळखायचे, मग आजच्या वनस्पतिकोशात नवे नाव पाहायचे, असा क्रम ठेवा. नुसत्या जुन्या शास्त्रीय नावाने इंटरनेटवर शोध घेतला तर भलतीच वनस्पती समोर येऊ शकते. ज्यांना वनस्पतींचीच गोडी आहे त्यांनी मालिकेचा पंचविसावा खंड, १८८६ चा, वेगळा मिळवावा. त्यात उपयुक्त वनस्पतींचा मोठा भाग डॉ. जे. सी. लिस्बोआ या गोमंतकीय डॉक्टरांचा आहे, आणि दुष्काळात माणसांनी कुठली रानझाडे, कंद आणि पाने खाऊन दिवस काढले याची नोंद आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर लगेच जमवलेली ही माहिती रानभाज्यांविषयीच्या आजच्या कित्येक चकचकीत पुस्तकांपेक्षा नेमकी आहे.

'लोक' या प्रकरणाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. प्रत्येक जातीला एक स्वभाव चिकटवलेला आहे: ही काटकसरी, ती भांडखोर, तिसरी आळशी. ही वाक्ये सरळ वगळा. ती निरीक्षणे नाहीत, कचेरीतली मते आहेत, आणि माहिती पुरवणारे बहुतेक कारकून व मामलेदार वरच्या जातींतले होते. याच कारणाने महार, चांभार, कातकरी यांच्याविषयीची पाने लांबून पाहिल्यासारखी वाटतात, आणि बायकांचा आवाज तर कुठल्याच जातीच्या वर्णनात ऐकू येत नाही. पण त्याच परिच्छेदात घराच्या भिंती कशाच्या, भांडी किती, लग्नाला खर्च किती, कोणत्या महिन्यात काय काम, असे तपशील असतात. ते मोजलेले किंवा विचारून घेतलेले आहेत आणि बऱ्याच अंशी विश्वासार्ह आहेत. पेन्सिल घेऊन बसावे: मत दिसले की कंस, तपशील दिसला की खालून रेघ. दहा पाने अशी वाचली की नजर तयार होते. अकराव्या खंडातील बेने इस्राएल समाजाविषयीचा भाग या दृष्टीने आवर्जून वाचावा. अलिबागच्या आसपास तेल गाळणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या ज्यू समाजाची त्या काळातली नोंद तिथे मिळते.

आकडे हा दुसरा खड्डा. दहावा खंड १८८० चा असल्याने त्याची लोकसंख्या १८७२ च्या जनगणनेची आहे. अकरावा १८८३ चा, त्यात १८८१ ची. दोन्ही शेजारी ठेवून रत्नागिरी आणि कुलाबा यांची तुलना केली तर मधल्या दुष्काळाच्या वर्षांसकट नऊ वर्षांचे अंतर नकळत गिळले जाते. अशी तुलना छापील लेखांत सर्रास आढळते.

पैसे पौंडात छापले आहेत आणि पुढे रुपये दिले आहेत. हिशेब सोपा ठेवलेला आहे: एक पौंड म्हणजे दहा रुपये, एक रुपया म्हणजे दोन शिलिंग. ही प्रत्यक्ष बाजारातली हुंडणावळ नव्हे, छपाईच्या सोयीचा दर आहे. म्हणून पौंडाचा आकडा घेऊन आजच्या किमतीत रूपांतर करू नका, रुपयाचाच आकडा घ्या. धान्याचे भाव तर उलटेच वाचायचे असतात. तक्त्यात रुपयाला किती पौंड वजनाचे धान्य मिळे ते दिलेले असते. समजा एका वर्षी तीस आणि पुढच्या वर्षी वीस असा आकडा असेल, तर भाव उतरला असे समजू नका, तो दीडपट झाला. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोंच्या थोडे वर, वीस म्हणजे नऊ किलो. शिवाय पौंड हे नाणे आणि पौंड हे वजन एकाच पानावर येतात, तेव्हा तक्त्याचा मथळा पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये.

वजनमापांत मण आला की थांबा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांच्या वर. मुंबईची खंडी वीस मणांची, म्हणजे ५६० पौंड. पण भाताची खंडी मापाची असते, वजनाची नव्हे, आणि पायली-कुडवाचे प्रमाण गावोगाव बदलते. 'भांडवल' प्रकरणाच्या शेवटी वजनमापांचा परिच्छेद आहे. तो आधी वाचून एका चिठ्ठीवर उतरवून पुस्तकात ठेवा. कंटाळवाणा आहे, पण तो टाळला तर शेतीच्या प्रकरणातले उत्पादनाचे सगळे आकडे निरुपयोगी ठरतात.

इतिहासाच्या प्रकरणाला मर्यादेत ठेवून वाचावे. प्राचीन काळ, अरब आणि युरोपीय प्रवाशांच्या नोंदी, बंदरांचा चढउतार यासाठी ते उत्तम आहे, आणि तळटीपा तर सोन्यासारख्या आहेत; कुठला प्रवासी कुठल्या बंदराला काय नावाने ओळखत होता हे त्यांत सापडते. चौलवरचा मजकूर अकराव्या खंडात एका स्वतंत्र पुस्तिकेइतका भरतो. पण शिवकाल आणि पेशवाई यासाठी हे प्रकरण प्रमाण धरू नये. ते बरेचसे ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकाराचा मराठ्यांचा इतिहास आणि इंग्रजांची कागदपत्रे यांवर उभे आहे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. मराठी कागदपत्रे उजेडात आली ती या खंडांनंतर. आंग्र्यांना चाचे म्हणणारी भाषा याच उणिवेतून आली आहे. प्राचीन इतिहासात खोल जायचे असेल तर पहिल्या खंडाचा दुसरा भाग, १८९६ चा, पाहावा: रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास, फ्लीटचा कानडी राजवंशांवरचा ग्रंथ आणि नेर्नचा कोकणचा इतिहास एकाच पुठ्ठ्यात आहेत.

जमीन महसुलाच्या प्रकरणातला खोतीचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीचा, भाग मात्र दहाव्या खंडाचा कणा मानावा लागेल. खोत, ठरलेला सारा भरणारे धारेकरी, कुळे, पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा देणारे अर्धेल-तिर्धेल, वतनदार खोताचे हक्क, पाहणी आणि तंटे, सगळे तपशीलवार. विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याचा १८५१ चा अहवाल यात वापरलेला आहे, आणि खोतीचा कायदा ज्या वर्षी झाला त्याच १८८० मध्ये हा खंड छापला गेला. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या टेबलावर हा वाद तापलेलाच होता. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक का आणले आणि १९४९ च्या कायद्यापर्यंत प्रश्न का चिघळत राहिला, हे समजायला आधी ही पाने वाचावी लागतात. सातबाऱ्यावर अजून भांडणारी कोकणातली कित्येक कुटुंबे मूळ दुखणे इथे शोधू शकतील.

आता १९६२ ची सुधारित आवृत्ती. महाराष्ट्र शासनाने काढलेले रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर भाषेने रुक्ष आहे, सहकारी संस्था आणि सरकारी खात्यांवरची पाने आज कोणी वाचणार नाही. पण 'लोक आणि संस्कृती' या भागात सण, पोशाख, खेळ, घरे आणि जेवण यांची नोंद जुन्या खंडापेक्षा आपुलकीने केली आहे. आणि शेवटी गावांची सूची आहे. केवळ त्या सूचीसाठी हा खंड घ्यावा. प्रत्येक गावासमोर तालुक्याच्या ठिकाणापासूनची दिशा आणि अंतर, क्षेत्रफळ, लोकसंख्या, टपाल कचेरी, रेल्वे स्टेशन, आठवडा बाजार व त्याचा वार, मोटार थांबा, पिण्याच्या पाण्याची सोय, आणि शाळा, देवळे, मशिदी, धर्मशाळा, जत्रेची तिथी. हे सारे आखूड इंग्रजी खुणांत आहे. खुणांचा अर्थ सूचीच्या आरंभी दिलेला असतो, तो आधी पाहा. पाण्याच्या रकान्यात विहीर, ओढा, नदी, झरा यांना वेगवेगळी अक्षरे आहेत. आज टँकर लागणाऱ्या गावासमोर तेव्हा कुठली खूण होती हे ताडून पाहण्यासारखे आहे. जिल्हा तेव्हा अखंड असल्याने सिंधुदुर्गातली गावेही यातच सापडतात. कुलाब्याची सुधारित आवृत्ती १९६४ ची, तिलाही अशीच सूची आहे.

प्रत घेताना काय पाहायचे? जुन्या खंडांवर हक्क उरलेला नसल्याने खासगी प्रकाशक छायाप्रती छापून विकतात. त्यांत तीन दोष वारंवार आढळतात. मूळ खंडातला घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन केलेला असतो, म्हणजे नकाशाच नाही. जाड खंड घट्ट शिवल्याने आतल्या बाजूच्या दोन-तीन अक्षरांचा भाग शिवणीत जातो. आणि तळटीपांचा बारीक ठसा फुटतो. नेमक्या ज्या टीपांसाठी पुस्तक घ्यायचे त्याच वाचता येत नाहीत. विकत घेण्याआधी मधले कोणतेही पान उघडून तळटीप वाचून पाहा, एवढी एक परीक्षा पुरे. शासनाची पुनर्मुद्रणे आणि साठच्या दशकातले खंड चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात विचारावेत. सगळे खंड एकाच वेळी मिळतील असे नाही.

फुकट स्कॅन इंटरनेटवर आहेत, पण शोधताना एक अडचण येते. कॅम्पबेल यांनी दीर्घ 'आ' दाखवायला इंग्रजी 'ए'वर तिरपी रेघ दिली आहे, आणि अक्षरे ओळखणारी यंत्रणा त्या 'ए'ला 'डी' समजते. त्यामुळे राजापूर किंवा मालवण सरळ टाइप केले तर काहीच सापडत नाही. अशा रेघ असलेल्या 'ए'च्या जागी 'डी' टाकून पुन्हा शोधा, बहुतेक वेळा नोंदी मिळतात. जुनी इंग्रजी नावेही वापरून पाहा: विजयदुर्गाला घेरिया, बाणकोटला फोर्ट व्हिक्टोरिया, दाभोळला डाबुल. दर्शनिका विभागाने, म्हणजे राज्य शासनाच्या गॅझेटियर खात्याने, मजकूर पुन्हा टंकून ठेवला आहे, त्यात शोधणे सोपे जाते. मात्र उद्धृत करण्याआधी आकडा आणि पानाचा क्रमांक स्कॅनशी ताडून घ्या, कारण टंकताना अंक उलटसुलट होतात.

आणि सर्व खंडांची एकत्र सूची १९०४ साली सत्ताविसाव्या खंडात निघाली, ती हाताशी ठेवावी. गाव कुठल्या खंडात आहे हे माहीत नसेल, किंवा 'मीठ', 'तर' (नदी-खाडी ओलांडण्याची नाव), 'होडी' असा विषय ठाण्यापासून कारवारपर्यंत पाहायचा असेल, तर तिच्यावाचून काम अडते. सूचीत जागेचे नाव कॅम्पबेल यांच्याच स्पेलिंगने आहे, त्यामुळे 'व' आणि 'ब', 'इ' आणि 'ए' अशा दोन्ही शक्यता पाहून मगच नोंद नाही असे ठरवा.